यशाचे निराळे माप : बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन



आजचा विषय आपल्यापैकी अनेकांना काहीसा अपरिचित वाटण्याचा संभव आहे. बास्केटबॉल आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर खेळला जातो खरा, परंतु त्याच्या सामन्यासाठी दुकानाचे शटर लवकर ओढून घरी जावे, असा त्याचा मान नाही. तो मान क्रिकेटचा. अमेरिकेत मात्र महाविद्यालयीन बास्केटबॉल हा जवळजवळ लोकोत्सव आहे. प्रतिवर्षी मार्च महिन्यात राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची, म्हणजे एन.सी.ए.ए.ची, स्पर्धा रंगते. तिचा नियम मोठा निष्ठुर आहे. एक सामना हरला की संघ घरी परतला. वर्षभर अजिंक्य राहिलेला संघ एखाद्या वाईट संध्याकाळी बाद होतो आणि पुन्हा वर्षभर वाट पाहतो.

अशा या स्पर्धेत एका प्रशिक्षकाच्या संघाने १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० वेळा विजेतेपद मिळवले आणि त्यांतील ७ विजेतेपदे ओळीने मिळवली. त्या प्रशिक्षकाचे नाव जॉन वुडन. गंमत अशी की, हा गृहस्थ आयुष्यभर सांगत राहिला, यश हे गुणफलकावर मोजायचे नसते. गुणफलकाने ज्याला सर्वाधिक दिले, त्याच माणसाने गुणफलकाला माप मानण्याचे नाकारले. हे बोलणे केवळ शोभेचे होते की त्यात काही तथ्य होते, याचा शोध त्यांच्या कारकिर्दीतच घ्यावा लागतो.

वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० रोजी इंडियाना राज्यातील हॉल या खेड्यात झाला. पुढे कुटुंब सेंटरटन येथील लहानशा शेतावर राहू लागले. घरात वीज नव्हती. वडील जोशुआ रात्री दिव्याच्या प्रकाशात मुलांना बायबल आणि कविता वाचून दाखवीत. इंडियानात बास्केटबॉलचे वेड मूळचेच, परंतु चेंडू विकत घेण्याची ऐपत कोठून असणार? तेव्हा वडिलांनी टोमॅटोच्या टोपलीचा तळ काढून ती गवताच्या माळ्यावर ठोकून दिली आणि आईने जुन्या पायमोज्यांत चिंध्या कोंबून, त्या शिवून चेंडू तयार केला. हा चेंडू जमिनीवर आपटला तर उसळत नसे. अमेरिकेतील सर्वांत नामांकित प्रशिक्षकाचे खेळाचे पहिले साहित्य हे असे होते. कापडाच्या व्यवसायातील मंडळींना ही गोष्ट विशेष भावेल, कारण चिंधीचेही मोल असते हे त्यांना सांगावे लागत नाही.

पुढे सदोष लशीमुळे डुकरे मेली, कर्ज फिटेना आणि शेत हातचे गेले. कुटुंब मार्टिन्सव्हिल गावी आले आणि वडिलांनी तेथील आरोग्यधामात नोकरी धरली. गेलेल्या शेताबद्दल त्यांनी कोणाला दोष दिल्याचे मुलांनी कधी ऐकले नाही. दुसऱ्यापेक्षा आपण श्रेष्ठ ठरतो की नाही, हे आपल्या हाती नाही. आपल्याला जितके चांगले होता येईल तितके होण्याचा प्रयत्न मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे, ही शिकवण वुडन यांना वडिलांकडून मिळाली. त्यांची पुढची सारी विचारसरणी याच एका बीजाचा विस्तार म्हणता येईल.

खेळाडू म्हणूनही वुडन असामान्य होते. १९२७ मध्ये त्यांच्या शाळेने राज्याचे अजिंक्यपद मिळवले. पर्ड्यू विद्यापीठात ते ओळीने तीन वर्षे, १९३० ते १९३२, अखिल अमेरिकन संघासाठी निवडले गेले. तेथेच त्यांनी इंग्रजी विषयात पदवी घेतली. पदवी आणि विवाह दोन्ही १९३२ सालचे आणि ते साल महामंदीचे. लग्नासाठी साठवलेले ९०९ डॉलर ज्या बँकेत होते, ती बँक लग्नाच्या ऐन तोंडावर बुडाली. उसनवारी करून विवाह पार पडला. वधू नेल रायली ही त्यांची शाळेपासूनची मैत्रीण.

केंटकी राज्यातील डेटन येथे शिक्षक-प्रशिक्षक म्हणून पहिली नोकरी लागली. पहिल्याच वर्षी त्यांचा संघ जिंकलेल्या सामन्यांपेक्षा अधिक सामने हरला. त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत असे वर्ष पुन्हा आले नाही. १९३४ मध्ये ते इंडियानातील साउथ बेंड सेंट्रल हायस्कूलमध्ये आले. येथे ते इंग्रजी शिकवीत आणि संघही सांभाळीत. मुलाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही की पालक नाराज होत. शेजाऱ्याच्या मुलाला मध्यम श्रेणी मिळाली तर ती चांगली, आपल्या मुलाला मिळाली तर तो शिक्षकाचा दोष, असा एकूण प्रकार. (ही तक्रार केवळ अमेरिकेपुरती आहे, असे येथे उपस्थित असलेले शिक्षक म्हणणार नाहीत.) वुडन विचारात पडले. निसर्गाने बुद्धी सर्वांना सारखी दिलेली नाही, मग एकाच मापाने सर्वांना कसे मोजायचे? त्यांनी १९३४ मध्ये यशाची स्वतःची व्याख्या लिहून काढली. तिचा आशय असा की, आपल्याला जितके चांगले होता येणे शक्य होते तितके होण्यासाठी आपण सर्व प्रयत्न केले, या जाणिवेतून येणारे मनाचे समाधान म्हणजे यश. ते समाधान खरे की खोटे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. पुढील १४ वर्षे त्यांनी या व्याख्येला आधार देणारा गुणांचा एक मनोरा रचला. त्याच्या तळाशी एका कोपऱ्यात उद्योगशीलता, दुसऱ्या कोपऱ्यात उत्साह आणि या दोहोंच्या मध्ये मैत्री, निष्ठा व सहकार्य. हा मनोरा पुढे अमेरिकेत भिंतीभिंतींवर टांगला गेला. त्यांनी तो रचला मात्र शाळेतील मुलांसाठी, आणि तेव्हा त्यांना गावाबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते.

युद्धकाळात नौदलात सेवा करून परतल्यावर १९४६ मध्ये ते टेरे हॉट येथील इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजात प्रशिक्षक झाले. येथील एक प्रसंग सविस्तर सांगितला पाहिजे, कारण तो त्यांच्या दहा विजेतेपदांहून मोठा आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

१९४७ मध्ये त्यांच्या संघाला कॅन्सस सिटी येथे होणाऱ्या राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे निमंत्रण आले. लहान महाविद्यालयांच्या दृष्टीने हा मोठाच बहुमान होता. परंतु निमंत्रणासोबत एक अट होती : कृष्णवर्णीय खेळाडूंना या स्पर्धेत प्रवेश नाही. वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, वॉकर संघाचा आधारस्तंभ नव्हता. तो राखीव खेळाडू होता. त्याला घरी ठेवून संघ गेला असता, तर जिंकण्या-हरण्यात फारसा फरक पडला नसता. त्या काळात त्याबद्दल प्रशिक्षकाला जाब विचारणारेही फार थोडे निघाले असते. वुडन यांनी निमंत्रण नाकारले. आपला सगळा संघ जाणार नसेल तर कोणीच जाणार नाही, इतकी साधी त्यांची भूमिका होती. आणि तिचा त्यांनी गाजावाजाही केला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा निमंत्रण आले. आता इतरांचाही विरोध वाढला होता आणि स्पर्धा तोंडावर आली असताना ती अट मागे घेण्यात आली. वॉकर खेळला तर पुढच्यांसाठी दार उघडेल, असा आग्रह त्याच्या घरच्यांनीही धरला. अशा रीतीने १९४८ मध्ये क्लॅरेन्स वॉकर त्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. संघ अंतिम सामन्यात लुइव्हिलकडून हरला. महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वुडन यांचा संघ हरला तो या एकाच वेळी, आणि त्या पराभवाची गणना त्यांच्या अपयशात कोणी करीत नाही.

१९४८ मध्येच दोन मोठ्या विद्यापीठांकडून त्यांना विचारणा झाली. मनातून ओढा मिनेसोटाकडे होता, कारण ते आपल्या प्रदेशातले. दुसरे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे लॉस एंजेलिस येथील केंद्र, म्हणजे यू.सी.एल.ए. दोघांचे दूरध्वनी एकाच संध्याकाळी यायचे ठरले होते. मिनेसोटात बर्फाचे वादळ झाले आणि तेथून दूरध्वनी वेळेवर आला नाही. त्यांचा विचार बदलला असावा, असे समजून वुडन यांनी यू.सी.एल.ए.ला होकार दिला. त्यानंतर काही वेळातच मिनेसोटाचा दूरध्वनी आला आणि त्यांच्या अटीही मान्य झालेल्या होत्या! परंतु शब्द देऊन झाला होता. करारावर सही व्हायची होती, तरीही त्यांनी तो फिरवला नाही. दोन वर्षांनी त्यांच्याच पर्ड्यू विद्यापीठाने कितीतरी चांगल्या अटींवर बोलावले. तेव्हा यू.सी.एल.ए.च्या अधिकाऱ्यांनी आठवण करून दिली की, तीन वर्षांच्या कराराचा आग्रह आपणच धरला होता. वुडन यांना हे मनापासून आवडले नाही, पण ते थांबले. व्यवहारात दिलेल्या शब्दाची खरी किंमत तो पाळणे तोट्याचे ठरते तेव्हाच कळते.

यू.सी.एल.ए. तेव्हा बास्केटबॉलसाठी मुळीच प्रसिद्ध नव्हते. आदल्या हंगामात संघ जितके सामने जिंकला त्याहून एक अधिक हरला होता. सराव एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चाले. त्याच दालनात एकीकडे कुस्तीगीर आणि दुसरीकडे कसरतपटू मेहनत करीत आणि खडूची भुकटी जमिनीवर उडे. सरावापूर्वी वुडन स्वतः मदतनिसाबरोबर जमीन झाडून पुसून घेत. पगारात भागत नसे म्हणून सुरुवातीच्या वर्षांत सकाळी ते एका दुग्धालयात गाड्या पाठवण्याच्या नोंदी ठेवण्याचे काम करीत आणि मग महाविद्यालयात येत. पुढे अग्निशमन खात्याने त्या इमारतीत प्रेक्षक जमवण्यावर निर्बंध घातले, तेव्हा स्वतःच्या गावातले सामनेही दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळावे लागले. १९६५ मध्ये पॉली पॅव्हिलियन उभे राहीपर्यंत ही वणवण चालू होती.

आता त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीकडे वळू. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना एकत्र बसवून पायमोजे कसे घालावेत हे शिकवीत. देशभरातून निवडून आलेली ती तरणीताठी, उंचपुरी मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागत. पायमोजा बोटांवरून आणि टाचेवरून असा ओढायचा की कोठे सुरकुती राहता कामा नये. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव चुकतो आणि सराव चुकला की खेळाडूची जागा जाते. मग बुटाची नाडी एकेका भोकातून कशी आवळायची, गाठ कशी मारायची, हेही सांगत. आपल्या जुन्या पेढ्यांवर नव्या मुलाला पहिल्या दिवशी गिऱ्हाईक देत नसत, ताका कसा उलगडावा आणि घडी कशी बसवावी हे आधी शिकवीत. त्यामागे हाच विचार होता.

प्रत्येक सकाळी वुडन आपल्या सहायकाबरोबर बसून दुपारच्या दोन तासांच्या सरावाची मिनिटामिनिटाची आखणी करीत. ती लहानशा पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून खिशात ठेवीत. पाच मिनिटांचा पाठ पाचच मिनिटे चाले. सराव संपल्यावर काय साधले आणि काय राहिले याची टिपणे वहीत होत, आणि अशा वर्षानुवर्षांच्या वह्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. हंगाम संपला की एखादा एकच विषय अभ्यासाला घेत. उदाहरणार्थ मुक्त फेक. त्यावरचे मिळेल ते वाचीत आणि इतर प्रशिक्षकांना प्रश्न पाठवून त्यांची मते मागवीत. गुण मिळवणाऱ्या खेळाडूने ज्याच्याकडून चेंडू मिळाला त्याच्याकडे बोट दाखवून किंवा मान डोलावून पोच द्यावी, असा त्यांचा दंडक होता.

१९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाला बसून त्यांचे प्रत्येक वाक्य टिपले. एकूण २,३२६ नोंदी झाल्या. त्यांपैकी सुमारे ७५ टक्के निव्वळ माहितीच्या निघाल्या : काय करावे, कसे करावे, पुन्हा कसे करावे. स्तुती ७ टक्क्यांहूनही कमी आणि नापसंतीही जवळजवळ तेवढीच. जोशपूर्ण भाषणे तर नव्हतीच. जिंकणे हा शब्द आपल्या प्रशिक्षकाच्या तोंडून क्वचितच ऐकला, असे त्यांचे अनेक खेळाडू पुढे सांगत. मूळचा इंग्रजीचा शिक्षक मैदानावरही शिक्षकच राहिला.

आणि तरीही पहिली १५ वर्षे त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नाही, हे विसरून चालणार नाही. १९६२ मध्ये उपान्त्य सामन्यात सिनसिनाटीकडून ७०-७२ असा निसटता पराभव झाला. वुडन तेव्हा ५१ वर्षांचे होते. या वयात बहुतेक माणसे आपल्या कारकिर्दीचा हिशेब मिटवायला घेतात. पुढे विजेतेपदे मिळाल्यावर त्यांना जेव्हा विचारले जाई की, आता आपण आधीपेक्षा चांगले प्रशिक्षक झालात का, तेव्हा त्यांचे उत्तर असे की, त्या आधीच्या वर्षांतील काही संघांनी आपल्या कुवतीच्या अधिक जवळ जाऊन खेळ केला होता. हे विनयाचे बोलणे नव्हते. त्यांच्या मापाने तो सरळ हिशेब होता.

१९६३-६४ चा संघ उंचीने ठेंगणा होता. या खेळाच्या मानाने, अर्थात. सुरुवातीच्या पाचांत कोणीही साडेसहा फूट नव्हता. सहायक प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांनी आग्रह धरला की, प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्या भागात गाठून कोंडी करावी. वुडन यांनी ही पद्धत पूर्वी वापरून सोडून दिली होती. परंतु सहायकाचे म्हणणे त्यांनी मानले आणि वॉल्ट हॅझर्ड, गेल गुडरिच, कीथ एरिक्सन यांच्या या संघाने ३० पैकी ३० सामने जिंकले. अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठावर ९८-८३ अशी मात केली. तो सामना झाला कॅन्सस सिटीत. सोळा वर्षांपूर्वी ज्या गावात क्लॅरेन्स वॉकरला खेळू देण्यावरून वाद झाला होता, त्याच गावात हॅझर्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट म्हणून निवडला गेला. बदली खेळाडू केनी वॉशिंग्टन याने २६ गुण मिळवले. तोही कृष्णवर्णीय होता.

१९६५ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळाले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कहून ल्यू अल्सिंडोर हा सात फुटांहून उंच विद्यार्थी दाखल झाला. करीम अब्दुल-जब्बार या नावाने तो पुढे जगप्रसिद्ध झाला. त्या काळच्या नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. परंतु प्रथम वर्षाच्या संघाने मुख्य संघाशी सराव सामना खेळून गतविजेत्यांना ७५-६० असे हरवले! १९६७, ६८ आणि ६९ ही तिन्ही विजेतेपदे अल्सिंडोरच्या काळातली. १९६९ च्या अंतिम सामन्यात समोर होते पर्ड्यू, म्हणजे वुडन यांचे स्वतःचेच विद्यापीठ. १९६७ नंतर चेंडू वरून थेट जाळीत कोंबण्यावर बंदी आली. ती अल्सिंडोरला रोखण्यासाठीच होती, असे सर्वत्र बोलले गेले. त्याचा खेळ यामुळे सुधारेलच, असे वुडन यांनी त्याला समजावले आणि दुरून हलकेच चेंडू सोडण्याची त्याची हातोटी पुढे अजोड ठरली. अल्सिंडोर गेल्यावर १९७० व १९७१ मध्ये सिडनी विक्स, कर्टिस रो प्रभृतींनी आणि १९७२ व १९७३ मध्ये बिल वॉल्टनच्या संघाने ही मालिका पुढे नेली. १९७१ ते १९७४ या काळात ओळीने ८८ सामने जिंकले गेले.

बिल वॉल्टन हा बंडखोर वृत्तीचा मुलगा. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातील निदर्शनांत १९७२ मध्ये त्याला अटक झाली होती. वुडन यांनी त्याला मतांवरून संघातून काढले नाही. परंतु एके वर्षी तो वाढलेले केस घेऊन पहिल्या दिवशी आला आणि केस किती ठेवावेत हा आपला हक्क आहे, असे म्हणाला. वुडन यांनी तो हक्क मान्य केला. मात्र संघात कोणी खेळायचे हे ठरवण्याचा हक्क प्रशिक्षकाचा आहे आणि आम्हाला तुझी उणीव भासेल, असे शांतपणे सांगितले. देशातला सर्वश्रेष्ठ खेळाडू सायकल दामटीत न्हाव्याकडे गेला. हाच वॉल्टन पुढे आयुष्यभर वुडन यांना दूरध्वनी करीत राहिला.

या चित्राला काळी बाजू नव्हती, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. हातातील कागदाची गुंडाळी तोंडाशी धरून वुडन पंचांना आणि प्रतिस्पर्धी खेळाडूंनाही टोचून बोलत. याची खंत त्यांनी पुढे व्यक्त केली. १९६८ मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या गाजलेल्या सामन्यात त्यांनी एडगर लेसी या खेळाडूला बाहेर बसवले आणि नंतर त्याच्याविषयी वृत्तपत्रांपाशी काही बोलले. लेसी संघ सोडून गेला. याहून गंभीर प्रकरण सॅम गिल्बर्ट या धनिक बांधकाम व्यावसायिकाचे. तो खेळाडूंना नियमबाह्य साह्य करीत असे. वुडन यांचा त्यात हात असल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही. त्याच्या वावराने ते अस्वस्थ असत, परंतु त्यांनी तो निग्रहाने थांबवलाही नाही. ते निवृत्त झाल्यावर, १९८१ मध्ये, एन.सी.ए.ए.ने नंतरच्या काळातील गैरप्रकारांबद्दल यू.सी.एल.ए.वर कारवाई केली आणि गिल्बर्टशी संबंध तोडण्यास सांगितले. पायमोज्यातील सुरकुती ज्यांना दिसे, त्यांना हे दिसले नसेल का, हा टीकाकारांचा प्रश्न अवाजवी म्हणता येत नाही.

सातत्याने मिळणाऱ्या विजयाचेही एक ओझे असते. डिसेंबर १९७२ मध्ये त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला. १९ जानेवारी १९७४ रोजी नॉत्र दाम विद्यापीठाने ८८ विजयांची मालिका खंडित केली. शेवटची साडेतीन मिनिटे राहिली असता ११ गुणांची आघाडी होती. प्रतिपक्षाने ओळीने १२ गुण केले आणि सामना ७०-७१ असा गेला. गाव होते साउथ बेंड, जेथे त्यांनी तरुणपणी इंग्रजी शिकवले होते. त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेतही नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून पराभव झाला आणि विजेतेपद गेले. आता लोकांना विजय ही बातमी वाटेनाशी झाली होती, बातमी फक्त पराभवाची होई.

१९७५ मध्ये उपान्त्य सामन्यात लुइव्हिलवर जादा वेळेत ७५-७४ असा विजय मिळाला. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक होते डेनी क्रम, वुडन यांचेच जुने खेळाडू आणि सहायक. सामना संपल्यावर पत्रकारांच्या कक्षाकडे जाताना त्यांच्या मनाने घेतले की, आता त्या प्रश्नांना सामोरे जाण्याची इच्छा उरलेली नाही. त्यांनी उलट पावली जाऊन खेळाडूंना सांगितले की, आपण प्रशिक्षक म्हणून शेवटचा संघ त्यांचाच घडवला. ३१ मार्च १९७५ रोजी सॅन डिएगो येथे केंटकीवर ९२-८५ असा विजय मिळाला. दहावे विजेतेपद. त्या गर्दीतून एक समर्थक पुढे आला, त्याने अभिनंदन केले आणि वर म्हणाला की, गेल्या वर्षी आपण आमची निराशा केलीत, त्याची आज भरपाई झाली. दहा विजेतेपदांनंतर मिळालेली ही पावती होती. वुडन हा किस्सा पुढे हसत सांगत, पण सांगत मात्र नेहमी.

त्यांचा शेवटच्या वर्षाचा पगार ३२,५०० डॉलर होता. यू.सी.एल.ए.मधील २७ हंगामांत ६२० विजय आणि १४७ पराभव अशी नोंद होती. आजच्या अमेरिकी प्रशिक्षकांच्या कोट्यवधींच्या करारांपुढे तो पगार हास्यास्पद वाटेल, परंतु त्यांनी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

निवृत्तीनंतर ते एन्सिनो येथील साध्या घरात राहिले. २१ मार्च १९८५ रोजी नेल यांचे निधन झाले. प्रत्येक सामन्याच्या आरंभी वुडन वळून प्रेक्षकांत बसलेल्या नेलकडे पाहत आणि ती बोटांनी खूण करी, हा त्यांचा अनेक दशकांचा परिपाठ होता. तिच्या निधनानंतर दर महिन्याच्या २१ तारखेला ते तिला पत्र लिहीत, घडी करून लिफाफ्यात घालीत आणि तिच्या उशीवर ठेवीत. पत्रांची चळत फितीने बांधलेली असे. दृष्टीने साथ दिली तोवर हा क्रम चालू होता. जुने खेळाडू येत, भोजन होई, जुन्या सामन्यांपेक्षा मुलाबाळांच्या गोष्टी अधिक निघत. करीम अब्दुल-जब्बार यांनी या पन्नास वर्षांच्या स्नेहावर २०१७ मध्ये एक पुस्तकच लिहिले.

२००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. त्याच वर्षी पॉली पॅव्हिलियनच्या मैदानाला त्यांचे नाव देण्याचे ठरले, तेव्हा पत्नीचे नाव आधी असावे, असा आग्रह त्यांनी धरला. ते मैदान आज ‘नेल आणि जॉन वुडन’ यांच्या नावाने ओळखले जाते. ४ जून २०१० रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण होण्यास चार महिने असताना, लॉस एंजेलिस येथे जॉन वुडन यांचे निधन झाले. त्यांचे दफन नेल यांच्या शेजारी करण्यात आले.